पांढऱ्या दगडाची जागा

त्याला सगळे सावकाश म्हणत. सुरुवातीला पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एक दिवस त्याच्या बायकोनेच दारात आलेल्या टपालवाल्याला सांगितलं की सावकाश आंघोळीला गेलेत, थांबा जरा. त्या दिवसापासून त्याचं खरं नाव फक्त नोंदवहीतल्या सहीपुरतं उरलं.

नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. स्क्रू फिरवायचा तर तो आधी त्यावर बोट ठेवून बघे. नट आवळल्यावर क्षणभर कान लावून बसे, जणू आतून काही निरोप यायचा आहे. विमानं दुरुस्त करण्याआधी तो सायकली दुरुस्त करायचा. एकोणिसाव्या वर्षी या पत्र्याच्या उंच शेडमध्ये हवा भरायचा पंप द्यायला म्हणून आला आणि इथेच राहिला. त्याला अडतीस वर्षं झाली. अडतीस वर्षं पंखांखाली उताणं पडून पाठ लाकडासारखी झाली होती, डावा गुडघा सकाळी वाकायला नकार देई, आणि बोटांच्या भेगांत इंजिनाचं तेल असं मुरलेलं होतं की बायको म्हणे, तुम्हाला जाळलं तर भडका उडेल.

शेड तशी लहान. चार विमानं दाटीवाटीने मावत, आणि आता तर एकच उरलं होतं. दोन माणसं बसतील आणि मागे सामान ठेवता येईल असं, उंच पंखाचं, शेपटीखाली छोटं चाक असलेलं जुनं विमान. त्या विमानाने बिनइंजिनाचे ग्लायडर ओढून वर नेऊन सोडायचे, एवढंच काम. ते विमान उडवायची सावकाशच्या बहिणीची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत. लहानपणी बहीण कामावर जाताना तिला शेडमध्ये सोडून जाई. ती रिकाम्या डब्यांवर चढे, विमानाच्या चाकाला पाठ लावून झोपे. आता ती बत्तीस वर्षांची होती आणि नऊ वर्षं एकाच मैदानावर घिरट्या घालत होती. वर जायचं, दोरी सोडायची, खाली यायचं. दिवसाला पंधरा वेळा.

त्या मैदानाच्या कडेला एक पांढरा दगड होता. चुना फासलेला, भाकरीच्या तव्याएवढा. तो सावकाशचा दगड. विमानात काही बदल केला, चाक बदललं, पंखाची कड दुरुस्त केली, की पहिलं उतरणं बघायला तो स्वतः मैदानात जाई. भिंगरीने ब्रेक लावायचा नाही, असा त्यांचा ठराव होता. चाकं टेकली तिथून विमान आपोआप थांबेल तिथपर्यंत सावकाश पावलं मोजी आणि दगड तिथे आणून ठेवी. तीनशे पावलं. वर्षानुवर्षं तीनशे, पाच इकडे, पाच तिकडे. दगड हलला तर विमानात काहीतरी हललं, हे त्याचं गणित. लोक हसायचे. तो म्हणे, हसा, दगडाला काही वाटत नाही.

त्या वर्षी मालकाने नवं काम आणलं. मालक म्हणजे शेडचा आणि विमानाचा मालक, स्वभावाने बरा, पण कायम अर्धी झोप राहिल्यासारखा. डोंगरावर एक वस्ती होती. तिथे आठवड्यातून दोनदा औषधं आणि टपाल पोचवायचं. रस्त्याने दहा तास लागत, विमानाने चाळीस मिनिटं. अडचण एकच होती, तिथली धावपट्टी साडेतीनशे पावलांची. एका टोकाला दगडी भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. गवत बाराही महिने ओलं, म्हणजे ब्रेक असून नसल्यासारखे. तिथे उतरायचं तर विमानाला फार हळू यावं लागणार.

आणि हळू येण्याला एक हद्द असते. पंख हवेवर तरतो तो वेगाच्या जोरावर. वेग कमी होत गेला की नाक वर धरावं लागतं, आणखी कमी झाला की आणखी वर. एका ठिकाणी पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा कंटाळते आणि सुटते. मग पंख पंख राहत नाही, फळी होतो, आणि विमान बसकण मारतं. त्याला सगळे स्टॉल म्हणतात. सावकाश म्हणे, पंखाने हात सोडला. या विमानाचा पंख चव्वेचाळीस नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ऐंशी किलोमीटरला, हात सोडायचा. उतरताना त्याच्या वर दर दहाला तीन जास्त धरायचे, म्हणजे सत्तावन्न. सत्तावन्नने त्या पट्टीवर उतरणं म्हणजे दरीचं दर्शन घेऊन येणं.

म्हणून मालकाने पाती मागवली. अंगठ्याच्या नखाएवढी अॅल्युमिनियमची पाती, पंखाच्या पुढच्या कडेमागे ओळीने, एक डावीकडे कललेलं तर एक उजवीकडे, अशी चिकटवायची. पंखाच्या पाठीवर अगदी अंगालगतची हवा आळशी असते. ही पाती तिला ढवळतात, वरची ताजी हवा खाली ओढून आणतात, आणि मग ती जास्त वेळ पंखाला चिकटून राहते. पंख उशिरा हात सोडतो. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं की स्टॉलचा वेग नऊ-दहा नॉटनेही उतरू शकतो.

सावकाशने ब्याण्णव पाती चिकटवली. सहा दिवस लागले. कागदाचा साचा पंखावर ठेवायचा, पेन्सिलीने खूण, बारीक पॉलिश कागदाने रंग घासायचा, पक्क्या चिकटद्रव्याचा थेंब, आणि मग पातं बोटाने दाबून शंभर मोजायचे. सहाव्या दिवशी दुपारी त्याला शिडीवरून उतरता येईना. गुडघा असा अडकला की भिंगरीने खालून त्याचा पाय हाताने उचलून पायरीवर ठेवला.

"मामा, हे झालं की घरी बस आता," ती म्हणाली.

तोही मनात तेच म्हणत होता. हे शेवटचं. सरकारी तपासनीस येईल, सही करून जाईल, भिंगरीला डोंगराची वाट मिळेल, आणि आपण उशिरापर्यंत झोपू.

दुसऱ्या दिवशी भिंगरी उडून आली ती लहान मुलीसारखी हसत. वर जाऊन तिने हळूहळू वेग कमी केला होता आणि वेगाच्या तबकडीवरची सुई पस्तिसावर आल्यावर पंखाने हात सोडला होता. पस्तीस. पूर्ण नऊ कमी. मालकाची झोप उडाली. सावकाशने नोंदवही काढून आपल्या गोल अक्षरात लिहिलं, पस्तीस, आणि सही केली. पस्तिसाला दर दहाला तीन धरून पंचेचाळीस. वेगाच्या तबकडीची काच उघडून त्याने पंचेचाळिसावर बारीक ब्रशने हिरवा ठिपका दिला. उतरताना सुई इथे धरायची.

त्या दिवशी तो मैदानात गेला नाही. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच. गुडघा सुजला होता आणि स्टुलावर बसून चहाचा कप धरल्यावर उठायची इच्छाच झाली नाही. सुईने सांगितलं होतं, कागदाने सांगितलं होतं. दगडाला कशाला विचारायचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. दगड तीनशे पावलांवर होता तसाच राहिला.

दहा दिवस असेच गेले. तपासनीस शुक्रवारी यायचा होता. मंगळवारी संध्याकाळी भिंगरी उतरली आणि इंजिन बंद करून तिथेच थांबली. टायर थोडा बसलाय, तपासशील का, असा तिने हात केला. सावकाश पंप घेऊन लंगडत निघाला. अर्ध्या वाटेत ताज्या मऊ गवतावर चाकं टेकल्याची खूण दिसली. तो पुढे चालू लागला आणि जुन्या सवयीने त्याचं तोंड आपोआप मोजू लागलं. विमानापाशी पोचला तेव्हा आकडा होता अडीचशे.

"ब्रेक लावलास?" त्याने विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही."

त्याने टायरमध्ये हवा भरली. पण पंपाचा दांडा वरखाली करताना डोक्यात वेगळंच चाललं होतं. भिंगरीची सवय अशी, की चाकं टेकतात तेव्हाच पंख हात सोडत असतो, न एक क्षण आधी न नंतर. म्हणजे टेकल्यावरची धाव पंखाचा खरा वेग सांगते. वेग निम्मा झाला तर धाव चौथाई होते. खरंच चव्वेचाळिसाचे पस्तीस झाले असतील, तर विमान एकशे नव्वद पावलांत थांबायला हवं. अडीचशे म्हणजे चाळीस. पस्तीस नव्हे.

रात्रभर विचार करायची त्याला गरज पडली नाही. घरी जाऊन पाणी भरताना, नळाखाली धरलेली बाटली तिरकी झाली आणि पाणी आत जाण्याऐवजी तिच्या तोंडावरून ओघळलं, तेव्हा त्याला कारण उमगलं. वेगाच्या सुईला वारा पोचवते ती पंखाखालची एक बोटभर नळी. तिचं तोंड समोर असतं. वारा सरळ तोंडात शिरला तर सुई खरं बोलते. पण पात्यांमुळे हे विमान आता पूर्वीपेक्षा फार जास्त नाक वर करून तरंगत होतं. नाक वर गेलं की नळीचंही तोंड वर. वारा तिरका लागायचा, अर्धा ओघळून जायचा. पात्यांनी चार नॉट कमावले होते. बाकीचे पाच सुईने थापा मारून दिले होते. आणि त्या थापांवर त्याने स्वतः सही केली होती.

बायकोने ताट वाढलं. तो जेवला नाही. ती म्हणाली, गुडघ्याचं दुखणं पोटात कधी गेलं? मग त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं की मग पोरीला काय होईल. सावकाश म्हणाला की बहुतेक वेळा काहीच होणार नाही. पंचेचाळिसाने येईल, खाली चाळीस आहे, पाचचं अंतर. वारा शांत असेल तर उतरेल. पण भिंतीवरून येताना वाऱ्याचा एक झटका मागून आला, पाच नॉट हिसकावून गेला, की झाडाच्या उंचीवर पंख हात सोडेल.

 बायकोने उठून ताटावर झाकण ठेवलं.

बुधवारी सकाळी त्याने मालकाला सांगितलं. मालकाने डोळे चोळले. तो म्हणाला की कागदावर दहापर्यंत लिहिलंय, सुईने नऊ दाखवले, वहीत तुझीच सही आहे, तपासनीस वही बघणार, तुझा दगड नाही. आवाज चढवला नाही त्याने. फक्त म्हणाला, लिहिलंय ते लिहिलेलं राहू दे, सावकाश, आपण सगळेच थकलोय.

ते खरंच होतं. 

भिंगरीला सांगणं त्याहून कठीण गेलं. ती पंखावरून फडकं फिरवत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही, फक्त एकाच जागेवर फिरू लागला. पंचेचाळिसाने मी अकरा वेळा उतरले आहे, ती म्हणाली. अकराही वेळा हवा पडलेली होती, असं तो म्हणाला.

"तुला वाटतं मला विमान येत नाही?"

"तुला येतं. सुईला येत नाही."

"दगडावरून ठरवलंस. पावलांवरून. तुझा गुडघा असा, पावलं तरी सारखी पडतात का तुझी?"

हे त्याला लागलं. पण त्यात खोटं काही नव्हतं. पावलं पुरावा नाही. पुरावा करावा लागेल.

त्या दुपारी त्याने सायकलच्या पेडलमधला जुना बेअरिंग काढला. तांब्याची वीतभर नळी घेतली, तिच्या कुशीला सुईने बारीक भोकं पाडली, शेपटाला पत्र्याचे दोन कान लावले, आणि ती बेअरिंगवर अशी बसवली की पत्रा वाऱ्यावर हलला की नळीचं तोंड आपोआप वाऱ्याकडे वळावं. नाक वर जावो की खाली, ही नळी वाऱ्याच्याच तोंडाकडे बघणार. एक लांब दांडी पंखाच्या आधाराला बांधून नळी पंखाच्या पुढे, मोकळ्या हवेत नेली. तिच्यातून रबरी नळ्या आत आणून सुट्या तबकडीला जोडल्या. ती तबकडी कपाटात अकरा वर्षं पडून होती. घरून त्याने बायकोच्या उसवलेल्या स्वेटरची लाल लोकर आणली आणि बोटभर लांबीचे तुकडे पंखाच्या पाठीवर चिकटवले. हवा कुठे सुटते ते लोकर दाखवते. शेवटचा तुकडा लावून झाल्यावर तो पिंपावर बसला आणि बराच वेळ बसून राहिला.  भिंगरी दारात उभी राहून बघत होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

गुरुवारी पहाटे हवा काचेसारखी स्थिर होती. सावकाश सहा वर्षांनी विमानात बसला. गुडघा दुमडून आत घ्यायला त्याला दोन्ही हात लागले. मांडीवर सुटी तबकडी. भिंगरीने वर नेलं, खालची शेड काडेपेटीएवढी झाली, आणि तिने इंजिनाचा आवाज उतरवला.

नाक वर येऊ लागलं. समोर फक्त आकाश राहिलं. धोक्याचा भोंगा आधी कुरकुरला, मग रडायला लागला. पंखावरची लाल लोकर मागे वळून पडून होती, सरळ, शिस्तीत. मग मुळापाशी एक तुकडा थरथरला, दुसरा उलटा झाला, आणि एकदम सगळी लोकर वेड्यासारखी उभी राहिली. विमान खाली बसलं.

"पस्तीस," भिंगरी म्हणाली. तिच्या समोरची सुई तेच सांगत होती.

सावकाशने मांडीवर बघितलं. त्याला खोटं ठरायचं होतं. हे त्याला त्या क्षणी कळलं.

"चाळीस," तो म्हणाला.

तिने नाक सावरलं, पुन्हा उंची घेतली. पुन्हा, ती म्हणाली. एक्केचाळीस. पुन्हा. चाळीस. चौथ्या वेळी तिने स्वतः वाकून त्याच्या मांडीवरची सुई बघितली आणि विमान खाली वळवलं. खाली येताना तिने हिरव्या ठिपक्याकडे बघितलं नाही. बावन्नने आली. चाळिसाला दर दहाला तीन धरले की बावन्नच होतात. गणित तिलाही येत होतं.

उतरल्यावर तिने एवढंच विचारलं, बावन्नने ती पट्टी जमेल का. तिला उत्तर माहीत होतं. भिंतीवरून येऊन चाकं टेकायलाच शंभर पावलं जातात. मग अडीचशे. पुढे दरी. तरीही तिने विचारलं, आणि त्याला सांगावं लागलं.

नोंदवहीत त्याने अडतीस वर्षांत एकही ओळ खोडली नव्हती. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान काही लहान नव्हता. शुक्रवारी सकाळी तपासनीसासमोर त्याने पट्टी धरून पस्तिसावर सरळ रेघ मारली, आकडा खालून वाचता येईल अशी. पुढे लिहिलं, नाक वर असताना सुई कमी दाखवते, खरा वेग चाळीस, मोजणारा मीच, चूकही माझीच. तपासनीस तरुण होता. त्याने तांब्याची नळी हातात घेऊन पत्र्याचा कान फुंकून फिरवून बघितला. हे कुठे शिकलात, असं विचारलं. सायकलच्या दुकानात, असं सावकाशने सांगितलं. तपासनीसाला ती थट्टा वाटली.

मालकाने डोंगराच्या कामाला नकार कळवला. ते काम हेलिकॉप्टरवाल्यांना गेलं. मालक रागावला नाही, फक्त पुन्हा अर्ध्या झोपेत गेला. भिंगरी पुन्हा ग्लायडर ओढू लागली. वर, दोरी, खाली. रविवारी ती मामाकडे जेवायला येई, ती दोन रविवार आली नाही. बायकोने दोन्ही वेळा तिच्या वाटणीचं झाकून ठेवलं आणि संध्याकाळी काढून घेतलं. सावकाशने दोन्ही वेळा ताटावरचं झाकण बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तिसऱ्या आठवड्यात तो तबकडीची काच उघडून बसला होता. हिरवा ठिपका त्याने खरवडून काढला होता. आता बावन्नवर नवा द्यायचा. पण ब्रश टेकवला की बोट थरथरे, आणि ठिपका एक्कावन्नपासून चौपन्नपर्यंत पसरे. तीन वेळा पुसून झालं होतं. भिंगरी आली, दोरीची गुंडाळी खाली टाकली, आणि थोडा वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"सरक, मामा."

तो सरकला. तिने ब्रश घेतला, मनगट तबकडीच्या कडेला टेकवलं, आणि श्वास रोखून बावन्नवर मोहरीएवढा ठिपका दिला. एकदाच. तो वाळेपर्यंत ती तशीच वाकून राहिली.

"मला वाटलं होतं, तू गप्प बसशील," ती ठिपक्याकडे बघत म्हणाली. "मलाही चाललं असतं. ते जास्त वाईट."

 सावकाशने काच हातात घेतली, सदऱ्याने पुसली, तिच्याकडे दिली.

"रविवारी मामीला सांग, येते," ती म्हणाली. "आणि ती तुझी नळी काढू नकोस. राहू दे दांडीवर."

त्या दुपारी ती एकटी उडाली. सावकाश काठी घेऊन मैदानात गेला. जायला फार वेळ लागला, मध्ये दोनदा थांबला. ती बावन्नने आली, चाकं टेकली, विमान गवतातून धावत गेलं आणि आपल्या आपण थांबलं. तो चाकाच्या खुणेपासून निघाला. पावलं एकसारखी पडत नव्हती, म्हणून प्रत्येक पाऊल काठीने मापून टाकत होता. अडीचशेला विमानाचं चाक आलं.

दगड पन्नास पावलं पुढे होता, गवतात अर्धा रुतलेला. तो तिथवर गेला, वाकला. उचलवेना. मग काठी बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत, त्याने तो मागे आणायला सुरुवात केली. भिंगरी विमानातून उतरली. ती मदतीला धावली नाही. त्याच्या कामात कुणी हात घातलेला त्याला चालत नाही, हे तिला माहीत होतं. तिने त्याची बाजूला पडलेली काठी उचलून आणली आणि ती घेऊन चाकापाशी, दगड यायच्या जागेवर, उभी राहिली.